कोरं लुगडं

आमच्या भिवंडीत आर्ट कॉलेज येणार अशी बातमी आली, तेव्हा माझ्या वडिलांनी भाकीत केलं की आता गावातल्या रांगोळ्यांचा दर्जा सुधारेल. वडील बामण आळीतले, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले. कलेची त्यांची धाव तेवढीच. प्रत्यक्षात आला तो फायबर आर्टचा, म्हणजे विणकामाच्या आणि धाग्यांच्या कलेचा, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि तोही भिवंडीला लागून असलेल्या वळ गावातल्या एका गोडाउनमध्ये. मुंबईच्या कुठल्याशा खाजगी संस्थेला उंच छपराची स्वस्त जागा हवी होती आणि माहितीपत्रकात 'यंत्रमागांच्या शहराच्या कुशीत' असं छापायचं होतं. शेजारच्या गोडाउनमध्ये डायपर आणि प्रेशर कुकर उतरायचे, आमच्यात विद्यार्थी उतरायचे.

वर्गात गावच्या अशा आम्ही दोघीच, मी आणि निशा. बाकीची मुलं पुण्याची, बडोद्याची, दिल्लीची. ती ट्रकांच्या रांगांचे फोटो काढायची आणि खाली 'रॉ' असं लिहायची. मी आळीतून बसने यायची. निशाला यावंच लागायचं नाही, कारण ते गोडाउन तिच्याच शेतात उभं होतं. तिचे वडील काळूरामकाका, आगरी समाजातले, भातशेतीवर भराव टाकून गोडाउनं बांधलेले आणि पांढऱ्या मोठ्या गाडीतून फिरणारे. आमच्या मागांची खोली जिथे होती, तिथे लहानपणी निशाने खेकडे धरले होते. हे ती मला हसत हसत सांगायची. मास्तर लोकांना मात्र तिने भिवंडीची आहे म्हणून सांगितल्याबरोबर त्यांनी तिला परस्पर मागवाल्याची मुलगी करून टाकलं. तिने एकदा चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. आमच्या गाइड रीमा मॅडम समजूतदारपणे मान हलवून म्हणाल्या, "बरोबर आहे, पण त्या वेदनेच्या शेजारीच वाढलीस ना तू."

काकांनी तिला या कोर्सला घातलं ते कलेच्या प्रेमाने नव्हे. दाराशी कॉलेज आहे, पोरगी नजरेसमोर राहील, एवढाच हिशोब. त्यांची अट एकच होती. एकदा जरी नापास झाली तरी माग बंद आणि दिघाशीच्या स्थळाला होकार. दिघाशीचा मुलगा वाईट नव्हता, पण निशाला त्याच्यात रस नव्हता. तिला मागात रस होता. पाय मागाच्या पट्ट्यांवर आणि हात धोट्यावर असला की ती गुणगुणायची, आणि तिला इतकं आनंदी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. मला स्वतःला विणकामाची तेवढी ओढ नव्हती, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

या कोर्समध्ये शिकवणं कमी आणि 'क्रिट' जास्त. क्रिट म्हणजे आपण केलेलं काम भिंतीवर लावायचं, सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि त्याची चिरफाड करायची. यात एक नियम होता. ज्याचं काम त्याने तोंडावर बोट ठेवून बसायचं. इतरांनी बोलायचं, अर्थ लावायचा, आणि सगळ्यांचं बोलून झालं की मग हवं तर त्याने बोलायचं. तोवर जेवणाची वेळ झालेली असायची. काम स्वतः बोललं पाहिजे, असं त्यामागचं तत्त्व. काम बोलायचं की नाही मला माहीत नाही, पण त्याच्या नावावर बाकीचे जे बोलायचे ते ऐकून माझं डोकं उठायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय?

निशा पहिल्या वर्षी पार्सलांच्या प्लास्टिक पट्ट्या विणायची. गोडाउनात खोकी बांधायला पिवळ्या, निळ्या, हिरव्या पट्ट्या येतात, आणि त्या कापून फेकलेल्या तिच्या दारात ढिगाने पडलेल्या असायच्या. त्यांचे तिने पट्टे विणले, चटया विणल्या, एक तर आख्खं जाजम विणलं. काय देखणं होतं ते! हळदीच्या मांडवात बायका नाचायला उठतात तसा रंगांचा दंगा होता त्यात. मी तर टाळ्या पिटल्या.

क्रिटमध्ये पाहुणे टीकाकार आले होते, लिनेनचा कुडता, पांढऱ्या केसांचा अंबाडा. त्यांनी जाजमाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "छान आहे," ते म्हणाले, आणि 'छान' हा शब्द आमच्याकडे शिवी असतो. "पण हे सजावट आहे. यात दुःख कुठंय?" दिल्लीची मुलगी म्हणाली की हे तिला फार सुखी वाटतं आणि म्हणून खोटं वाटतं. रीमा मॅडमनी शेवटी तोच प्रश्न मऊ करून विचारला, "निशा, यात तू कुठे आहेस?"

निशा नियमाप्रमाणे गप्प होती. ती त्यात सगळीकडे होती हे सांगायला तोंड उघडायची सोय नव्हती. मी बोलले. म्हटलं, ती सुखी आहे तर सुखी दिसणारच ना. पालथ्या घड्यावर पाणी. रीमा मॅडम म्हणाल्या, "सई, तू फार शब्दाळ विचार करतेस." मला तर त्यांनी कधीच निकालात काढलं होतं. बामण आळीतून आलेल्या मुलीकडे विणण्यासारखी वेदना ती कुठली?

निशाला त्या सत्रात काठावर पास केलं. मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या क्रिटला असंच काम आलं तर त्या तिला वाचवू शकणार नाहीत. मग म्हणाल्या, "घरातून काहीतरी आण. जुनं. ज्याला तुमच्या बायकांचे हात लागलेत असं." त्या हे प्रेमाने म्हणाल्या, हे मला मान्य आहे. प्रेमाने म्हणाल्या म्हणून तर राग कुठे काढायचा ते कळत नाही.

निशाच्या घरी आक्का होती. आक्का म्हणजे काळूरामकाकांची मोठी बहीण धोंडूबाई. नवरा तरुणपणी गेला, सासरी कोणी विचारलं नाही, तेव्हापासून ती भावाच्याच घरी. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, कानात बुगड्या आणि तोंडात कायम कोणाची तरी टिंगल. मला ती 'बामनाची काडी' म्हणायची, आणि मी गेले की वाडग्यात कोलंबीचा रस्सा पुढे करून वास घ्यायला लावायची. मी खाते हे तिला माहीत होतं, तरी दरवेळी नव्याने हसायची.

शेतावर गोडाउन बांधायची वेळ आली तेव्हा काकांनी आक्काची हक्कसोडावर सही घेतली होती. बहिणीने जमिनीवरचा हक्क भावाला सोडून द्यायचा आणि भावाने तिचं माहेरपण शेवटपर्यंत सांभाळायचं, ही आमच्याकडची रीत. सगळ्या घरांत होते. आक्काने सही दिली, पण नंतर बरेच दिवस ती भावाच्या हातचं पाणीही प्यायली नाही. सगळ्या वळला ते माहीत होतं. पुढे ती बोलायला लागली, चहा घ्यायला लागली, पण काकांच्या मनातून ते गेलं नव्हतं. तिच्यासमोर ते नेहमी जरा मान खाली घालूनच बोलायचे.

आक्काच्या पत्र्याच्या पेटीत एक लुगडं होतं. जांभळ्या चौकडीचं, सुती, कोरं. तिच्या वडिलांनी, तुळशीरामबाबांनी, स्वतः जाऊन घेतलेलं. बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आपण मागे नसू, पोराचं काय सांगावं, म्हणून म्हाताऱ्याने लेकीच्या मरणाचं लुगडं जिवंतपणीच आणून ठेवलं होतं. ते पाण्यात घालायचं नव्हतं, नेसायचं नव्हतं. दर वर्षी आक्का त्याला ऊन दाखवायची, कडुनिंबाचा पाला बदलायची आणि परत ठेवायची.

निशाने ते मागितलं तेव्हा मी तिथेच होते. आक्का म्हणाली, "फोटू काढ आन परत आनून ठेव. मी काय लगेच न्हाय मरत." निशाने शपथ घेतली. तिचा विचार खरंच तेवढाच होता, चौकडी बघून तशी पट्ट्यांमध्ये विणायची.

पण तिने ते क्रिटला नेलं. मॅडमना दाखवायला म्हणून भिंतीवर टांगलं आणि बाजूला तिची पट्ट्यांची चौकडी. पट्ट्यांकडे कोणी बघितलंही नाही. सगळे लुगड्यापाशी गोळा झाले. ते कशासाठी आहे हे निशाने खाली कागदावर लिहिलं होतं, तीच तिची चूक. पाहुण्या टीकाकारांनी ते वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हेच काम आहे. हे उसवायला हवं. धागा धागा. जिवंत बाईचं मरण उसवायचं." रीमा मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात कोणी तरी 'वाव' म्हणालं. मी म्हटलं, अहो, ती म्हातारी जिवंत आहे, तिला ते लागणार आहे. पाहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, "एक्झॅक्टली."

मी निशाला नको म्हणाले. बसस्टॉपवर म्हणाले, तिच्या गच्चीवर म्हणाले, फोनवर म्हणाले. ती म्हणाली, "तुला काय गं, तू नापास झालीस तरी तुझे बाबा तुला बीएडला घालतील. मला माग बंद." ते खरं होतं. "आक्काला तसंच दुसरं आणून ठेवते. तिला अजून कितीतरी वर्षं आहेत. पास झाले की स्वतः विणीन तिच्यासाठी, हाताने." असं म्हणताना तिचा स्वतःवर विश्वास बसला होता. आपल्याला सोयीचं ते खरं वाटायला वेळ लागत नाही.

मग तिने लुगडं उसवायला घेतलं. रोज स्टुडिओत खाली बसून एकेक आडवा धागा ओढायची. उभे धागे तिने छपराच्या लोखंडी तुळयांना टांगले, ते लांबच लांब लोंबत राहिले, आणि आडव्या धाग्यांचा जांभळा ढीग खाली वाढत गेला. मुलं येऊन फोटो काढायची. गुणगुणणं बंद झालं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांना ते कामाला साजेसं वाटलं असेल.

दुसरं लुगडं तिने आणि मी भिवंडीच्या बाजारात शोधलं. सुती आता कोणी काढत नाही. एका दुकानदाराने "अब पॉलिएस्टर का जमाना है, बेटी" म्हणत जांभळ्या चौकडीचं एक काढून दिलं. लांबून अगदी तसंच. निशाने ते पेटीत पाल्याखाली घडी करून ठेवलं. आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. तिने विचारलं, "ठेवलास का गं?" निशा म्हणाली, "ठेवला." आक्काने पेटीचं झाकण थोपटलं आणि विषय संपला.

आक्का त्याच थंडीत गेली. साधा ताप, दोन दिवस दवाखाना, आणि गेली. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. काका स्वतः पेटीतून लुगडं काढायला गेले, कोणाला हात लावू दिला नाही. दोन्ही हातांवर घेऊन ते बाहेर आले आणि रडत रडत म्हणाले, "आक्का, माहेराचा हाय गं. बापानं घेतलेला." बायकांनी ते तिच्यावर पांघरलं. निशा खांबाला धरून उभी होती. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही.

पुरुष स्मशानातून परत आले तेव्हा काकांचा चेहरा ओळखू येत नव्हता. आंघोळ करून ते ओटीवर बसले आणि कोणीही न विचारता सांगायला लागले. "लुगरा जलला न्हाय. चिकाटला. काला गोला झाला आन टपटप गलला. सुती लुगरा असा जलतं कवा? मी बापाबरोबर व्हतो घेताना, मना म्हाईत हाय." कोणी म्हणालं, तूप कमी पडलं असेल. काकांनी मान हलवली. "तिनी माहेराचा घेतला न्हाय. मी जमीन घेतली ना तिची. तिनी आथा सांगितला मना."

त्या दिवसापासून काका खचले. गाडी दारात उभी राहायची आणि ते पायी फिरायचे. गळ्यातली साखळी काढून ठेवली. जेवताना घास हातात धरून बसायचे. घरात कोणीही आलं की तेच, बहिणीने माझं लुगडं नाकारलं. निशा हे सगळं रोज ऐकत होती. मी तिला म्हटलं, एक वाक्य सांग त्यांना, तुझा बाप झुरून मरेल. ती म्हणाली, "शेवटच्या परीक्षेची ज्युरी होऊ दे. आत्ता सांगितलं तर ते सगळं फेकून देतील." तेव्हा मला तिची खरोखर किळस आली. आणि लगेच तिची दयाही आली, ती माझ्याच ताटातली पोळी न खाता नुसती मोडत बसली होती म्हणून.

शेवटच्या ज्युरीला पालकांना बोलावलं होतं. तिला त्या वर्षी सगळ्यांत जास्त गुण मिळाले. हे आत्ताच सांगून टाकते, नंतर सांगायची इच्छा राहणार नाही. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि आपल्याच गोडाउनात पाहुण्यासारखे दाराशी चपला काढून आत शिरले. परीक्षक गोल करून बसले होते. वरून उभे धागे लोंबत होते, खाली ढीग, आणि भिंतीवर इंग्रजी पाटी. निशा नियमाप्रमाणे बाजूला गप्प उभी. पाहुणे टीकाकार स्मृती आणि देहाबद्दल बोलत होते.

काकांनी ते थोडा वेळ ऐकलं. मग पाटीकडे बोट करून लेकीला विचारलं, "काय लिवलंय गं?"

रीमा मॅडमनी हसून ओठांवर बोट ठेवलं. काकांना तो नियम ठाऊक नव्हता. त्यांनी जरा मोठ्याने परत विचारलं, "बाय, काय लिवलंय?"

निशाने मॅडमकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "आक्काचा लुगरा हाय हा, बाबा," ती म्हणाली. "मी उसवला. पेटीत ठेवलेला तो दुसरा व्हता. बाजारातला, पॉलिएस्टरचा. म्हनून चिकाटला."

काकांना समजायला वेळ लागला. ते धाग्यांकडे बघत राहिले, चौकडीचा जांभळा रंग ओळखत. मला वाटलं, आता हात उगारतील. पण त्यांचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगते, उजळला. "म्हंजी आक्का माज्याव रुसली नव्हती?"

"न्हाय, बाबा."

"तिनी मना न्हाय नाकारला?"

"न्हाय."

काका हसले, आणि हसताहसता रडायला लागले. सवयीने त्यांचा हात निशाच्या डोक्यावर गेला आणि तिथेच टेकला. ती हुंदके द्यायला लागली. माझ्या शेजारच्या परीक्षकबाईंनी कुजबुजत मला विचारलं, हे गृहस्थ परफॉर्मन्सचा भाग आहेत का? मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग काकांचं रडणं थांबलं. हात डोक्यावरच होता. "मंग तिच्या आंगाव माहेराचा काय व्हता?" त्यांनी विचारलं.

निशाने खाली पाहिलं. "काय न्हाय, बाबा."

त्यांनी हात काढून घेतला. खाली बसले आणि तो ढीग गोळा करायला लागले. सुटे धागे मुठीत येईनात, पंख्याच्या वाऱ्याने इकडे तिकडे पसरायचे, ते गुडघ्यांवर सरकत एकेक वेचत होते आणि शर्टाच्या ओच्यात भरत होते. परीक्षकांनी खुर्च्या मागे सरकवून त्यांना वाट करून दिली. निशा मदतीला वाकली.

"तू न्हाय," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू हात लावू नको."